कट्ट्यावरचे चलन

जुलै महिन्यात महाविद्यालये भरू लागली, की पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर दरवर्षी तेच दृश्य दिसते. ओल्या छत्र्या, झेरॉक्सच्या दुकानांपुढील रांगा आणि कट्ट्याकट्ट्यांवर रंगलेल्या गप्पा. एके काळी या गप्पांची सुरुवात 'सुट्टीत कोठे गेला होतास?' या प्रश्नाने होत असे. आता ती 'सुट्टीत काय पाहिलेस?' या प्रश्नाने होते. २०२४ च्या जुलैमध्ये या गर्दीत सांगलीची एक मुलगी होती आणि तिच्यापाशी या प्रश्नाला उत्तर नव्हते.

ती वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला परतली होती. मात्र हे परतणे सुट्टीनंतरचे नव्हते. मध्ये एक संपूर्ण वर्ष गेले होते. दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपते न संपते तोच वडिलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करावी लागली. मार्केट यार्डात हळद, बेदाणे आणि भुसार मालाचे तीन पिढ्यांचे अडत दुकान. आजोबा चौऱ्याऐंशीचे, धाकटा भाऊ नववीत. दुकान बंद ठेवणे शक्य नव्हते आणि परक्या हाती सोपवण्याइतकी उधारी सरळ नव्हती. 'मी एक वर्ष थांबते,' हे तिने स्वतःहून सांगितले. घरात कोणी तिला तसे म्हटले नव्हते. पण ती म्हणाली तेव्हा कोणी नकोही म्हटले नाही.

त्या वर्षात ती पुष्कळ शिकली. शेतकऱ्याची पट्टी कशी करायची, हमाली आणि तोलाई कोठे धरायची, वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र एक दिवस चुकले तर काय होते, ई-वे बिल नसेल तर गाडी नाक्यावर कशी अडते, शीतगृहात ठेवलेल्या बेदाण्याचे भाडे भाव पडल्यावर कसे अंगावर येते, हे सारे तिला पुस्तकाबाहेर कळले. रात्री हिशेब मिळवून झाला, की डोळे मिटत. मोबाइल होता, पण त्यावर ती भाव पाहत असे, मालिका नव्हे.

म्हणून परतल्यावर तिला पहिला धक्का बसला तो अभ्यासाचा नव्हे. बरोबरीच्या मैत्रिणी पदवी घेऊन निघून गेल्या होत्या. पहिल्या वर्षाला नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला होता. वर्गात सगळे तिच्याहून एका वर्षाने लहान होते. एका वर्षाचे अंतर ते किती! पण तेवढ्या अवधीत कट्ट्याची भाषा बदलली होती. स्वागत समारंभात 'गुलाबी साडी' हे गाणे लागले आणि सभागृहातल्या प्रत्येकीचे हात एकाच वेळी एकाच तऱ्हेने हलले. ते हावभाव सगळ्यांना पाठ होते, तिला नव्हते. मे महिन्यात 'पंचायत' मालिकेचा तिसरा भाग आला होता. त्यातील पात्रांची नावे प्राध्यापकांना चिकटवली गेली होती. एखाद्या नावावर सारा वर्ग हसे आणि ती क्षणभर उशिरा हसे. उशिरा हसणाऱ्याला आपण उशिरा हसलो, हे इतरांच्या आधी कळते.

वाणिज्याच्या विद्यार्थिनीला ही गोष्ट वाणिज्याच्याच भाषेत उमगली. गाणी, मालिका, विनोदी चित्रे हे कट्ट्यावरचे चलन आहे. त्यावर ओळखी होतात, उधारी चालते, पत ठरते. २०१६ च्या ८ नोव्हेंबरच्या रात्री घरातील पाचशे-हजाराच्या नोटा आजीने डब्यांतून काढून मोजल्या होत्या, तो प्रसंग तिला आठवला. नोटा तशाच होत्या, कोऱ्या होत्या, आकडाही तोच होता. फक्त बाहेर त्या कोणी घेत नव्हते. वर्षभर जमवलेल्या तिच्या अनुभवाचे कट्ट्यावर तसेच झाले होते. पट्टी कशी करायची, हे तेथे कोण विचारणार?

वसतिगृहातील तिची खोलीतली सोबतीण लातूरची होती. तिच्या पलंगाच्या डोक्याशी सात कोरियन तरुणांचे चित्र लावलेले होते. बीटीएस नावाचा हा गायकांचा समूह २०१३ मध्ये लोकांसमोर आला. २०१८ मध्ये त्यांच्यातील एकाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्यासपीठावरून तरुणांना उद्देशून भाषण केले होते. सोबतीण त्यांच्या गाण्यांपायी कोरियन लिपी शिकली होती आणि वहीच्या मागच्या पानावर स्वतःचे नाव त्या लिपीत लिहीत असे. त्या समूहातील सर्वांत मोठा, जिन, सक्तीची लष्करी सेवा पूर्ण करून १२ जून २०२४ रोजी परतला होता. अठरा महिने तो नव्हता, तरी जगभरातील मुलींनी दिवस मोजले होते. सोबतीण हे सांगत असताना सांगलीच्या मुलीच्या मनात एक विचार येऊन गेला. कोणी परत येते, तेव्हा कोणीतरी वाट पाहत असेल तरच ते परत येणे ठरते. नाही तर ते नुसते येणे असते. हा विचार तिने बोलून दाखवला नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सोबतिणीने आपणहून एक यादी करून दिली. काय पाहायचे, कोणत्या क्रमाने, आणि काय सोडले तरी चालेल. त्या यादीत मैत्री होती.

यादीतील दहा भागांची 'स्कॅम १९९२' ही मालिका तिने सर्वप्रथम पाहिली. ती २०२० मध्ये आली, तेव्हापासून वाणिज्य शाखेच्या मुलांचे ते जणू पाठ्यपुस्तक झाले आहे. वर्गातील निम्म्या मुलांच्या मोबाइलवर तिचे शीर्षकसंगीत वाजत असे आणि बहुतेकांना नायकाचा रुबाब पाठ होता. तिला मात्र त्यात दुसरेच काही दिसले. रोख्यांच्या व्यवहारात बँका एकमेकींना पावत्या देत. त्या पावत्यांच्या मागे रोखे असतील, हा विश्वास. पुढे मागे रोखेच नसलेल्या पावत्या फिरू लागल्या आणि त्यांच्यावर उचललेला पैसा शेअर बाजारात ओतला गेला. मागे माल नसलेला कागद म्हणजे काय, हे वर्षभर गोदामाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या मुलीला कोणी समजावून सांगायची आवश्यकता नव्हती. ज्या पुस्तकावरून ही मालिका बेतली, ते देवाशिष बसू आणि सुचेता दलाल या दोन पत्रकारांनी लिहिलेले आहे. गोष्ट तीच, पण पुस्तकातला नायक घोटाळा उघड करणारा आणि कट्ट्यावरचा नायक घोटाळा करणारा! हे मत तिने एकदा मांडून पाहिले. एक मुलगा म्हणाला, 'तू फारच सिरियस आहेस.' त्यानंतर तिने मते मांडणे कमी केले.

भाद्रपदात ती दशलक्षण पर्वासाठी घरी गेली. सांगलीत एकीकडे गणपती, एकीकडे पर्व. रस्त्यावर मिरवणुकांचे ध्वनिवर्धक आणि मंदिरात प्रवचन. पर्वाचे दहा दिवस आणि तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय, रोज एक. सातव्या दिवशी सातवा अध्याय आला. त्यात व्रतांचे आणि त्यांच्या अतिचारांचे विवेचन आहे. अचौर्याच्या अतिचारांत चोरीला उत्तेजन देणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम डावलून व्यवहार करणे, वजनमापात कमी-अधिक करणे आणि भेसळ करणे, असे पाच दोष येतात. दुकानात बसणाऱ्या माणसासाठीच कोणी ही सूची केली असावी, असे तिला दरवर्षी वाटे. या वर्षी चोरीचा माल घेण्यापाशी ती अडखळली. यादीतील दोन चित्रपट तिने एका मुलाने पाठवलेल्या दुव्यावरून फुकट उतरवून घेतले होते. ते चोरलेले होते, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि ते चोरणे आहे, असे कोणालाच वाटत नव्हते. संध्याकाळी घरी आल्यावर तिने ते दोन्ही पुसून टाकले.

त्या रात्री आजोबा, म्हणजे घरातील सर्वांचे आप्पा, झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी तिला विचारले, 'हल्ली पुण्यात काय बघतीस?'

घरातील इतर सारे 'किती वेळ मोबाइल बघतीस?' असे विचारत. 'काय' असे विचारणारे आप्पा पहिलेच. तिने सांगितले. कोरियन मुलांचेही सांगितले. आप्पांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, 'मी एकच सिनेमा लपून बघितला. त्यात मी सापडलो नाही. पण सिनेमानं मला पकडलं.'

ते १९५८ च्या सुमारास कोल्हापूरला शिकत होते. वसतिगृहात सिनेमाला बंदी होती. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत भोजन, मग स्वाध्याय. एके रात्री तिघे मित्र भिंतीवरून उतरून गेले आणि त्यांनी व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' पाहिला. आदल्या वर्षी आलेल्या त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग त्याच्यामागे आहे आणि ते स्वतंत्रपूर आज सांगली जिल्ह्यातच आहे. सहा खुनी कैद्यांना मोकळ्या रानात नेऊन शेती करायला लावणारा तुरुंगाधिकारी त्यात आहे. त्याचे नाव आदिनाथ.

'नाव ऐकलं आणि आम्ही तिघं एकमेकांकडं बघायलो,' आप्पा म्हणाले. 'शांताराम कोल्हापूरचे, त्यांचे वडील जैन, हे आम्हाला नंतर कळलं. पण मला लागलं ते निराळंच. ते कैदी भाजी पिकवतात आणि बाजारात रास्त भावानं विकतात. ते कुणाला खुपतं? व्यापाऱ्यांना. मारहाण होते. मी अडत्याचा मुलगा. थिएटरातले सगळे लोक चिडून शिव्या द्यायला लागले आणि मला वाटलं, ते मलाच देताहेत.'

मुलीला हे नवे होते. ती रोज ज्या विधी महाविद्यालय रस्त्याने जात असे, तेथे प्रभात कंपनीचा स्टुडिओ होता. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली आणि त्या जागेत १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था आहे. प्रभात रस्त्याला नाव कशावरून पडले, याचा तिने कधी विचारच केला नव्हता. आप्पांनाही एके काळी कट्टा होता, त्यांच्याही काळाचे एक चलन होते आणि ते मिळवण्यासाठी त्यांनी भिंत ओलांडली होती, हे ऐकून तिचे मन हलके झाले.

पर्व संपले, क्षमावाणी झाली आणि ती पुण्याला परतली. त्याच आठवड्यात, २२ सप्टेंबरच्या रविवारी, कोल्डप्ले या इंग्लंडच्या वाद्यवृंदाची तिकीटविक्री होती. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर त्यांचे कार्यक्रम व्हायचे होते. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत तिकीट. दुपारी बारा वाजता विक्री सुरू झाली आणि एक कोटीहून अधिक लोक त्या अदृश्य रांगेत उभे राहिले. वसतिगृहात प्रत्येक खोलीत पडद्यावर लाखांतले आकडे दिसत होते. १८ आणि १९ तारखेची तिकिटे संपली, म्हणून २१ जानेवारीचा तिसरा कार्यक्रम जाहीर झाला. त्या रांगेत, का कोण जाणे, सांगलीच्या मुलीचा क्रमांक लागला.

तिने चार तिकिटे घेतली. साडेतीन हजारांचे एक, एकूण चौदा हजार. स्वतःसाठी, सोबतिणीसाठी आणि वर्गातील दोघींसाठी. पैसे वसतिगृहाच्या दुसऱ्या हप्त्यासाठी घरून आलेल्या रकमेतून गेले; इतर तिघी देणारच होत्या. त्या दिवशी तिची खोली म्हणजे तीर्थक्षेत्र झाले. जिच्यापाशी चलन नव्हते, तिच्याकडे एकदम टांकसाळ आली होती.

चार दिवसांत वर्गातील त्या दोघींनी माघार घेतली. एकीला घरून परवानगी मिळाली नाही, दुसरीची परीक्षा त्याच आठवड्यात होती. सात हजार अडकले. त्याच संध्याकाळी एका मैत्रिणीने निरोप आणला. तिच्या ओळखीचा एक जण दोन्ही तिकिटे प्रत्येकी वीस हजारांना घ्यायला तयार होता. बाहेर त्याहूनही मोठे आकडे बोलले जात होते आणि वर्तमानपत्रांत काळ्या बाजाराच्या बातम्या रोज येत होत्या. अशी विक्री अमान्य असल्याचे विक्री करणाऱ्या कंपनीने जाहीर केले होते. पण ते कोण पाहतो?

तेहतीस हजारांचा नफा! वसतिगृहाचा हप्ता अठ्ठावीस हजारांचा होता. वडिलांच्या औषधांचा खर्च, शस्त्रक्रियेसाठी सोयऱ्यांकडून घेतलेले पैसे आणि त्या हंगामात बेदाण्याने दिलेला फटका तिला रुपया-पैशासह ठाऊक होता. तो हिशेब तिनेच लिहिला होता.

'तू तर व्यापाऱ्याची मुलगी,' मैत्रीण म्हणाली. 'मागणी जास्त, पुरवठा कमी. यात चूक काय आहे? शेअर घेतो आणि भाव वाढला की विकतो, तसंच हे.'

बोलणे खोटे नव्हते. म्हणूनच ते टाळता येईना. त्या रात्री ती वहीत दोन रकाने आखून बसली. आप्पा हळद घेऊन ठेवतात आणि पुढे चढ्या भावाने विकतात. मग त्यात आणि यात अंतर कोणते? हळदीच्या रकान्यात तिने लिहिले : शेतकऱ्याला रोख पैसे दिले, माल साठवला, भाडे भरले, भाव पडण्याचा धोका घेतला. हरिपूरच्या पेवांत साठवलेली हळद २००५ च्या महापुरात बुडाली, तेव्हा अनेक घरांनी ते नुकसान सोसले. व्यापारी काही घालतो, काही सोसतो, तेव्हा काही मिळवतो. तिकिटाच्या रकान्यात लिहायला तिला एकच ओळ सुचली : रांगेत माझा क्रमांक आधी लागला. तिने त्या तिकिटात काहीच घातले नव्हते. ज्याला ऐकायचे आहे त्याच्या आणि गाण्याच्या मध्ये फक्त जाऊन उभे राहायचे आणि बाजूला होण्याचे वीस हजार घ्यायचे, एवढाच तो व्यवहार होता.

रकाने स्पष्ट होते. तरी हप्ता अठ्ठावीस हजारांचाच होता. तिने आप्पांना फोन केला. त्यांनी सारे ऐकले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

'बाळ, तुला एक सांगतो. घरात कुणाला सांगितलेलं नाही. तो सिनेमा बघून आलो, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, आपण असलं कधी करायचं नाही. बहात्तरचा दुष्काळ पडला. दुकानात चाळीस पोती जोंधळा होता. गिऱ्हाईक दारात होतं आणि मी म्हटलं, माल नाही. महिनाभर थांबलो. भाव मिळाला. त्या पैशात मागची खोली बांधली.' ते थांबले. 'क्षमावाणीला दरवर्षी सगळ्यांची क्षमा मागतो. पण ज्यांना माल नाही म्हणून सांगितलं, त्यांची नावं मला माहीत नाहीत. क्षमा मागायची कुणाची?'

'मग मी काय करू, आप्पा?'

'ते मी सांगणार नाही. हप्त्याचं काय करायचं ते आपण बघू. एवढंच सांगतो, की ती खोली अजून आहे.'

ती खोली तिला माहीत होती. लहानपणी ती तेथे लपाछपी खेळली होती.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गाच्या गटावर दोन तिकिटे मूळ किमतीला देत असल्याचे कळवले. तासाभरात एकतीस नावे आली. कोणाला द्यायची? ओळखीच्यांना दिली तर तोही एक प्रकारचा भावच झाला. म्हणून उपाहारगृहात सर्वांसमोर स्टीलच्या पेल्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि चहा देणाऱ्या मुलाला दोन उचलायला सांगितल्या. एक चिठ्ठी पहिल्या वर्षातील परभणीच्या मुलीची निघाली, दुसरी तिच्याच वर्गातील एका मुलाची. परभणीची मुलगी रडू लागली. निरोप आणणारी मैत्रीण पुढे महिनाभर तुटकपणे बोलत राहिली.

हप्ता राहिलाच. घरून अधिक पैसे मागायचे नाहीत, असे तिने ठरवले. दुकानातील वर्ष तेथे कामी आले. सदाशिव पेठेत एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात विवरणपत्रे भरण्यासाठी माणूस हवा होता. शनिवार आणि रविवारची सकाळ, असे काम तिला मिळाले. फिरोदिया करंडकाच्या चमूत पडद्यामागे काम करण्याची तिची मनापासून इच्छा होती. तालमी शनिवारीच असत, त्यामुळे ते राहून गेले. वसतिगृहाचा हप्ता दंड भरून डिसेंबरात फिटला. गमतीची गोष्ट अशी, की कार्यालयातील काम पाहून वर्गातील मुले विवरणपत्रांविषयी विचारायला तिच्याकडे येऊ लागली. जुन्या नोटांपैकी काही कट्ट्यावर अचानक चालू लागल्या.

२१ जानेवारीला ती आणि सोबतीण नेरूळला गेल्या. घरी सांगून गेल्या. भिंत ओलांडावी लागली नाही. सूर्यास्तापूर्वी मैदानाबाहेरच दोघींनी डबा खाल्ला. गाणी तिला निम्मीच ठाऊक होती. पण हजारो लोक एकाच वेळी एकच ओळ म्हणतात, तेव्हा न येणारी ओळही ओठांवर येते. त्या रात्री ती कोणापेक्षाही उशिरा हसली नाही.

परतल्यावर मैत्रिणीकडून कळले, की चिठ्ठी लागलेल्या वर्गातील मुलाने आपले तिकीट अठरा हजारांना विकले होते. 'बघ, तू सोडलेले पैसे दुसऱ्याने घेतले,' मैत्रीण म्हणाली. त्यात दुष्टपणा नव्हता. तिला खरोखरच वाईट वाटले होते. सांगलीच्या मुलीला त्या रात्री झोप लागली नाही. शनिवार गेले, तालमी गेल्या, दंड भरला आणि शेवटी तिकीट गेले ते काळ्या बाजारातच. मग मिळवले काय?

२६ जानेवारीला ती घरी होती. त्या संध्याकाळी कोल्डप्लेचा अहमदाबादचा कार्यक्रम मोबाइलवर आणि दूरचित्रवाणीवर थेट दाखवला जाणार होता. दिवेलागणीआधी जेवणे उरकून घर दूरचित्रवाणीपुढे बसले. वडील आरामखुर्चीत, भाऊ जमिनीवर, आप्पा झोपाळ्यावर. तिने त्यांना तिकिटाचा शेवट सांगितला.

आप्पा म्हणाले, 'आपल्या दुकानातून माल वजनात पुरा गेला का, एवढंच आपल्या हातात. पुढच्या दुकानात तो कसा तोलतात, ते त्यांचं त्यांना. आणि परभणीची ती मुलगी?'

'ती गेली होती. अजून तेच बोलते.'

'मग एक माप तरी पुरं पोचलं.'

पडद्यावर अहमदाबादचे प्रचंड मैदान दिसू लागले. अंधार झाला आणि प्रेक्षकांच्या मनगटांवरील पट्ट्या एकदम उजळल्या; लाल, निळ्या, पिवळ्या. आप्पांनी विचारले, या पट्ट्या विकत घ्याव्या लागतात का? तिने सांगितले, की प्रवेश करताना त्या मिळतात आणि निघताना परत द्यायच्या असतात. पुढच्या गावी त्याच पुन्हा वापरतात. नेरूळला तिनेही आपली पट्टी डब्यात टाकली होती. पुष्कळ जण आठवण म्हणून खिशात घालून नेत, हेही तिने सांगितले.

'म्हणजे वापरायचं, उजेड घ्यायचा आणि ठेवून घ्यायचं नाही,' आप्पा म्हणाले. 'सोपं नाही ते.'

मग त्यांनी आवाज थोडा वाढवायला सांगितला. वडिलांनी इंग्रजी शब्दांचा अर्थ विचारला आणि धाकट्या भावाने तो चुकीचा सांगितला. सारे हसले, एकाच वेळी.

फेब्रुवारीत ती पुण्याला परत गेली, तेव्हा सोबतिणीने खोलीच्या दारावर तिच्या नावाचा कागद लावला होता. नाव कोरियन लिपीत होते. तिला ते वाचता येत नव्हते, पण ते आपलेच आहे, हे तिने ओळखले.

आपल्या घरांतून दरवर्षी अशी मुले-मुली बाहेरगावी शिकायला जातात आणि सुट्टीत, पर्वात परत येतात. ती काय पाहतात, काय ऐकतात, कशावर हसतात, याची मोजदाद घरात बहुधा तासांत होते. झोपाळ्यावरच्या आप्पांनी ती मोजदाद केली नाही. त्यांनी 'काय' असे विचारले, ऐकून घेतले आणि बदल्यात स्वतःचे काही दिले. तेही चांगले तेवढेच नव्हे. पुढे सप्टेंबरात मुलीच्या हाती अवघड व्यवहार आला, तेव्हा फोन कोणाला करावा, याचा तिला विचार करावा लागला नाही.